सुट्टीच्या दिवशीची टोपी

रविवार, ४ मे
कळ आलीच परत! दाढी करताना छाती आवळल्यासारखी झाली. जुने कामगार करतात तसं सुरुंगाच्या कारखान्यातली कळकट टोपी डोक्यावर चढवली — नायट्रोग्लिसरीन मुरलेली. जरा वेळाने मोकळं वाटलं. "घरात टोपी? टक्कल लपवताय का?" म्हणे ही. हिला सांगितलं नाही. घर डोक्यावर घेईल.

सोमवार, ५ मे
सुरुंगाच्या कांड्या भरायला बसलो नि डोकं ठणकायला लागलं. दर सोमवारचंच. छाती मात्र ठणठणीत! संध्याकाळी माझे कामाचे कपडे घासता घासता हिनेही डोकं धरलं. "तुमचं बघून दुखतं," म्हणाली. हसलो दोघं.

शुक्रवार, ९ मे
कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंना विचारलंच शेवटी. "काका, तो माल कातडीतून अंगात जातो. त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो, रक्तवाहिन्या सैल पडतात; छाती मोकळी होते, पण डोकं ठणकतं. शरीर स्वतःही तो थोडाथोडा बनवतं. पण तुमच्या रक्तवाहिन्यांना बाहेरच्याची सवय लागलीय. सुट्टीत तो मिळाला नाही, की त्या आवळतात."

म्हणजे आमच्या खात्यातला मिशाळ मोठ्या सुट्टीत खुर्चीत बसल्या बसल्या गेला, तो यानेच? चांगला धडधाकट माणूस!

आणि मी एकतीसला रिटायर होतोय. मग काय, रोजच रविवार! बाईंनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या. त्यात काय, तर नायट्रोग्लिसरीनच! जन्मभर कांड्यांत भरलं, आता कणभर तोंडात धरायचं. हसू की रडू?

गुरुवार, २९ मे
घास उतरत नाही. भीती वाटते, दुसरं काय! "रिटायर होताय, फाशी नाही जात," ही म्हणाली.

शनिवार, ३१ मे
भाषणं झाली. टाळ्या झाल्या. फाटकावर टोपी जमा करून घेतली!

रविवार, १ जून
गोळ्यांची बाटली मुठीत धरून दिवसभर बसलो. ही बिचारी दमले म्हणून आडवी झालीय, रविवारी होते तशी.

सोमवार, २ जून
मला काही झालं नाही.

ही मोरीपाशी बसलेली दिसली. बादली रिकामी. घामाघूम, छातीवर हात दाबलेला. "रविवारी होतं थोडं असं... तुम्हाला कशाला सांगायचं? घर डोक्यावर घ्याल." माझी गोळी तिच्या जिभेखाली ठेवली. "तुमची मला कशाला?" म्हणत होती. दवाखान्यात ठेवलंय. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही म्हणतात.

माझे कपडे रोज तीच धुवायची. हाताने.