मॅरियनचा बिल्ला

सोमवार, ६ जून १७९१
दिवसभर शिसं वितळवलं. चारशे बिल्ले! हाताला फोड आले. बिल्ल्याशिवाय देवळात प्रभुभोजनाला, येशूच्या नावाची भाकरी आणि द्राक्षारस घ्यायला, बसता येत नाही, आणि साचा आमच्याच भट्टीत. माझा नवरा एबी गेल्यापासून ओतायचं काम माझ्यावर. अख्ख्या गावाला बिल्ले मी करायचे — आणि मलाच नाही!

माझा गुन्हा? एप्रिलमध्ये, शब्बाथच्या दिवशी, म्हणजे कुठलंही काम निषिद्ध असलेल्या रविवारी, विहिरीतून पाणी काढलं. एबी तापाने फणफणला होता. घरात थेंब नव्हता. गॅव्हिनने पाहिलं. माझा सख्खा दीर, मंडळीतला वडील, म्हणजे देवळाचा पंच. त्यानेच सभेत चुगली केली.

मंगळवार, ७ जून
बिल्ले न्यायला गॅव्हिन आला. "वहिनी, रविवारी सगळ्यांसमोर उभ्या राहा. 'पश्चात्ताप होतो' म्हणा, बिल्ला देतो. जीभ झिजते का तुमची?"

"नवऱ्यासाठी पाणी काढलं त्याचा पश्चात्ताप? मेले तरी नाही!"

"तुमचे पणजोबा तरी आठवा. याच मंडळीसाठी जीव दिला त्यांनी."

आठवतात ना! राजाने देवळावर लादलेले बिशप, ते बडे धर्माधिकारी, नकोत म्हणून ते माळावर प्रार्थनेला जात. शिपायांनी तिथेच गोळी घातली. राजापुढे वाकले नाहीत. त्यांच्या रक्तावर ही मंडळी उभी राहिली, आणि आता हिला वाकवायला विधवा लागते. शरम नाही मेल्यांना!

शुक्रवार, १० जून
साचा इथेच. शिसंही उरलंय. एक बिल्ला ओतायला कितीसा वेळ! नाही ओतला. चोरून तोंड घालायला मी मांजर नाही.

रविवार, १२ जून
उभी राहिले. गॅव्हिनचा चेहरा खुलला.

म्हणाले, "हो, मला पश्चात्ताप होतो. विहिरीवर भाऊजींनी अडवलं. शब्बाथची आज्ञा ऐकवत राहिले, आणि मी मूर्खासारखी बादली घेऊन ऐकत उभी राहिले. घरी पोचले तेव्हा एबी गेला होता. तहानलेलाच. त्याचा पश्चात्ताप होतो."

हे मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं. लिहवत नव्हतं.

पाळकसाहेब स्तोत्राचं पान शोधत राहिले. बिल्ला अर्थातच नाही मिळाला.

रविवार, १९ जून
आज प्रभुभोजन. मी घरी. दुपारी दार वाजलं. गॅव्हिन — बाह्या ओल्या, हातात भरलेली बादली. शब्बाथच्या दिवशी! देवळातून परतणारी माणसं रस्त्यात थांबून बघत होती.

म्हटलं, "उशीर केलात, भाऊजी."