अंतोनीच्या फाटकाशी आई

१३ जाने., मंगळ. बुरैदा
आई आज पुन्हा न सांगता घराबाहेर पडली. फ्रान्सिसदादाला आता शोधावं लागत नाही. वसईतल्या आमच्या घराजवळच्या मठाच्या फाटकाशी, संत अंतोनीच्या पुतळ्याखाली बसलेली असते. मी सौदीला निघाले तेव्हा तिथूनच हात हलवत होती. तेव्हापासून तिथं वाट बघते. कोणाची, ते हल्ली आठवत नाही. दादाने फोन तिच्यापुढे धरला. "ही कोण बया?" म्हणाली. फोन ठेवला, वॉर्डात गेले. पेशंटसमोर डोळे... असो.

१६ जाने., शुक्र.
सुट्टी. थंडी मरणाची. दादाचा फोटो आला: आईने अंतोनीला शाल पांघरलीय, मी पाठवलेली! फादर सांगतात, पोर्तुगीज काळातली बरोक मूर्ती, झग्याच्या चुण्या वाऱ्यावर उडतायत अशा कोरल्यात. आईला शैलीशी काय देणंघेणं. "एवढ्या वाऱ्यात उभा आहे, कडेवर लेकरू घेऊन." लेकरू म्हणजे बाळ येशू, चांगला गुटगुटीत. आमच्या मुलांच्या वॉर्डात असा एक नाही. शालीवरून रागवायचं ठरवलं होतं. हसूच आलं, मग बराच वेळ रडले.

२० जाने., मंगळ.
ड्यूटीवरून येताना हॉस्पिटलच्या बसमधूनच फोन लावला. अंगात अबाया, डोक्याला काळा स्कार्फ. बसमध्ये कोण काढत बसतंय! आई मला बघून एकदम सावरून बसली, पदर नीट केला.
"मदर, तुम्ही!"
दादा मागून म्हणाला, "तिच्या शाळेतल्या नन असाच काळा झगा घालायच्या."
आई, मी रोझी, असं सांगणारच होते. पण ती बोलायलाच लागली. इतके महिने माझ्याशी एक वाक्य धड नाही, आणि आज... "मदर, माझी पोर अरबांच्या देशात नर्स आहे. हात हलका तिचा, सुई टोचलेली कळत नाही. मी इथं बसते ते तिला सांगू नका हां. रडूबाई आहे."
नाही सांगणार, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२४ जाने., शनि.
रोज बोलतो. आता रूमवर असले तरी अबाया चढवूनच फोन लावते. रूममेट शायनी विचारते, "बाहर जा रही है क्या?" मी हो म्हणते. आईला फसवतेय, कळतं. पण तिला रोझी आठवते! माझे लहानपणचे हट्टसुद्धा. फक्त ते मला, रोझीला, सांगत नाही.

२९ जाने., गुरु.
सुट्टी मंजूर, एक्झिट-रीएंट्री व्हिसा लागला. यल्ला, चला! सगळ्यांत आधी आईला सांगितलं, मी वसईला येतेय. मदर म्हणूनच सांगितलं, धीर झाला नाही. हरखली. मग फोन तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "मदर, येताना माझ्या रोझीलाही घेऊन या. फाटकाशीच उतरा, मी तिथंच असेन."
हो म्हणाले.
परवा विमान. दोघींचं कबूल करून बसलेय, आणि फाटकाशी उतरणार मी एकटीच.