लाडवाच्या डब्यातलं मुंडकं

तीर्थपुरीला माझ्या आईला, नागपूरहून भावनाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. हात साबणानं घासघासून धुतले, तरी पेनालाबी वास येऊन राह्यला. फोनवर तू ऐकून घेत न्हाईस, म्हणून लिहिते.

कडूबामामा तुझा लाडवाचा डबा घेऊन आल्ते. जनावरांच्या कॉलेजातल्या लॅबमधल्या पोरींना बोलावून मी हौसेनं उघडला, तर आत मेलेल्या कोंबडीचं मुंडकं! सडून काळं पाणी सुटलेलं. शी! मला तिथंच उलटी झाली. आपल्या कोंबड्या कशानं मरतेत ते बघायला मी रक्त मागितलं ते जित्या कोंबडीचं, काचेवर एक थेंब. सडल्या रक्तात जंतू ओळखू येत न्हाईत.

तरी नाक दाबून तपासलं. मानेच्या पिसांत गोचिडीची पिल्लं चिकटलेली, रक्त पिऊन टम्म. ही घाणच कोंबडीच्या रक्तात रोग सोडते. उषाबाईची नजर न्हाई लागली. उगं त्या शेजारणीशी बोलणं सोडलंस.

डबा रिकामा देऊ नये म्हणतेस, म्हणून आत काचा ठेवल्यात. पंखाखालच्या शिरेला सुई टोचून थेंब घे, पसरव, वाळव. मेलेली कोंबडी बिलकुल शिजवू नको, पुरून टाक.

दादाचा खोकला थांबला का?

आणखी एक. मोठ्या गोचिड्या दिवसा फटीत लपतेत, अंधारात रक्त प्यायला निघतेत. कोंबड्यांचं डालगं तुझ्या बाजेखालीच आसतं ना? रात्री पायाला खाज येते म्हणलीस, ती उन्हाची न्हाई, आई. बाज जल्दी बाहेर काढ, अन् तवर झोपायला उषाबाईकडं जा.

तुझीच,
भावना