ग्रंथपालाचा दुसरा खुलासा

मी, विरुपाक्ष शिवलिंगप्पा वळसंगे, वय वर्षे एकसष्ट, धंदा ट्रेनिंग कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी, राहणार बाळीवेस, सोलापूर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या भिडेस अगर धाकास बळी न पडता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावून मान हलवली. डोके मात्र ठणठणीत आहे, अशी वकिलांची खात्री झाली आहे.

कलम १. बाळीवेशीतील राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ते माझी पत्नी सौ. गिरिजाबाई हिला पूर्ण मालकीने द्यावे. मुलगी मल्लव्वा अक्कलकोटात सुखी आहे. तिची यास संमती आहे. पुतण्या गुरप्पा याने घराकडे डोळा ठेवू नये. त्याने माझी सतरा पुस्तके वाचायला नेली आणि एकही परत केले नाही. ती त्याला दिली असे समजावे. तोच त्याचा वाटा.

कलम २. ग्रंथपालाची जागा ही माझी मिळकत नव्हे; ती मृत्युपत्राने देता येत नाही. मत देता येते. ते माझे सहायक मल्लिकार्जुन यांच्या बाजूने आहे. कारण सांगण्यासाठी मला माझीच चूक लिहावी लागेल.

सन १९२७ च्या मार्चात आमचा बाइंडर गुंडा माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "सायेब, उत्तरेच्या भिंतीला वाळवी हाय. कपाटं आजच हलवा."

मी मान वर न करता म्हणालो, "तू पुस्तकं शिवायचं बघ. ग्रंथालय कसं चालवायचं ते मला शिकवू नकोस."

"तुमी येकदा कपाट लोटून बगा की."

मी लोटले नाही. जूनमध्ये कपाट उघडले तेव्हा एकशे चाळीस पुस्तकांचे पुठ्ठे तेवढे उभे होते, आत माती. प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिले की बाइंडरने चिकटवायच्या खळीत किडीवरचा मोरचूद घातला नाही, म्हणून वाळवी लागली. हे खोटे होते. त्याची बोटे मोरचुदाने कायम निळी असत आणि ती मी रोज पाहत होतो. गुंडाला काढून टाकले. तो सांगोल्याकडे आपल्या गावी गेला.

जेवताना मी हे घरी सांगितले. गिरिजाबाईने वाढता वाढता विचारले, "त्यानं आधी सांगितलं होतं ना? मग तुम्ही कागदावर काय लिहिलंत?"

मी ताट सारले. तसाच उठलो, कॉलेजात गेलो आणि दुसरा खुलासा लिहून दिला. प्राचार्य म्हणाले, "वळसंगे, पहिला कागद फाईलला लागलाय. आता हा कशाला देता?" मी म्हणालो, "पहिल्यावर माझी सही आहे, पण तो खरा नाही."

कमिटीने गुंडाला परत घ्यायचे ठरवले आणि मला एक वर्ष खाली उतरवले. मल्लिकार्जुन तेव्हा तीस वर्षांचे; ते माझ्या खुर्चीवर आणि मी त्यांच्या स्टुलावर. त्यांनी माझ्याकडून रजेचे अर्ज लिहून घेतले. माझी विषयवार यादी मोडून लेखकवार केली. ती यादी चुकीचीच आहे, हे मी आजही म्हणतो. पण भर उन्हाळ्यात सगळी कार्डे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आणि चुकले तेथे चारचौघांत कबूल केले. हाताखालच्या माणसाला साहेब कसा दिसतो, हे मला त्या स्टुलावर कळले.

शिक्षेच्या पहिल्याच रविवारी मी मोटारीने गुंडाच्या गावी गेलो. तो मेंढ्यांना पाणी पाजत होता. मी माफी मागितली. त्याने आधी शेवटच्या मेंढीला पाणी पाजले. मग म्हणाला, "येतो. पर मी बोलाया लागलो की हातातला कागुद खाली ठिवायचा."

वर्षाने खुर्ची परत मिळाली. तेव्हापासून दर शनिवारी सर्वजण बसतात. प्रथम झाडूवाली सोजरबाई बोलते, मग गुंडा, मग मल्लिकार्जुन, शेवटी मी. साडेसात वर्षांत एकही पुस्तक वाळवीने गेले नाही. हा क्रम पुढच्या ग्रंथपालाने मोडू नये, एवढेच माझे त्यास सांगणे. बाकी व्यवस्थापन त्याला कपाटे शिकवतील.

कलम ३. पुस्तके दाबण्याचा माझा सागवानी शिकंजा गुंडास द्यावा, असे मी योजिले होते. काल वकील शिवप्पा यांनी सांगितले, "ज्याला काही द्यायचं, त्याची साक्ष घेऊ नये." गुंडा शेजारीच बसला होता. म्हणाला, "मग शिकंजा नगं. साक्ष घ्या माजी."

मी म्हणालो, "अरे, सागवानी आहे. जन्मभर पुरेल."

"व्हय. पर त्या टायमाला मला कुणी इचारलं न्हाय, सायेब. आता कागदावर माजं नाव लागू द्या."

सबब शिकंजा ग्रंथालयास दिला.

वरील मजकूर वाचून, समजून, खरा म्हणून सही केली.

सोलापूर, ता. २० जानेवारी १९३६

विरुपाक्ष शिवलिंगप्पा वळसंगे

साक्षीदार:
१. गुंडा सिद्धाप्पा, बाइंडर. मजकूर समक्ष वाचला. खरा आहे.
२. शिवप्पा मल्लप्पा हिरेमठ, वकील