गुरुवारची भेट

१२ जानेवारी, सोमवार
एलिनाने माझ्यावर दावा ठोकला. कागद आज आला. काळजीचं कारण नाही. सव्वीस वर्षं समाजसेवक आहे मी, डुलुथ शहरात निम्मे म्हातारे मला ‘आर्विद’ अशी नावाने हाक मारतात. एलिनाचे वडील तोइवो, वय चौऱ्याऐंशी, एकटे. दर गुरुवारी त्यांच्याकडे जाणं माझं काम. नोव्हेंबरात स्वयंपाकघरात पडले. शेजारणीला शनिवारी सापडले, तोवर सगळं संपलं होतं. वाईट झालं. पण वय.
एलिना माणूस म्हणून चांगली. आठवड्यात दावा मागे घेईल.
शिवाय माझा विमा आहे. कामात चूक झाली तर कंपनी वकील देते. मार्लिस म्हणाली, पण तुझ्या हातून तर चूक होतच नाही ना? बायकोने असं बोलू नये.

१४ जानेवारी
विमा कंपनीच्या वकील, प्रोहास्का बाई, फोनवर. एलिनाशी एक अक्षर बोलायचं नाही. पत्र नाही. माफी तर मुळीच नाही. माफी म्हणजे कबुली, मग कंपनी हात झटकू शकते.
मी म्हटलं, माफी कशाची?

१९ जानेवारी
एलिनाला पत्र लिहिलं. माफीचं नव्हे, फक्त सांत्वनाचं. टाकलं नाही. मार्लिस म्हणाली, पोस्टाची तिकिटं संपलीत. खणात अख्खं भेंडोळं होतं.

२७ जानेवारी
फाइल पाठवली. नोंदी चोख. २० नोव्हेंबर, गुरुवार : ‘संपर्क केला.’
प्रोहास्का बाईंनी विचारलं, म्हणजे गेलात? मी म्हटलं, फोन केला. उचलला? नाही, त्यांना कमी ऐकू येतं, दुपारी झोपतात. मग गेलात? मी म्हटलं, बर्फ पडत होता. फोनमधून पेनाचा आवाज येत होता.
रात्री जेवताना मार्लिस म्हणाली, चार इंचांना आपल्याकडे बर्फ कधीपासून म्हणायला लागले? भाताचं सूप बरं झालं होतं. संपवलं नाही.

५ फेब्रुवारी
किराणा दुकानात एलिना दिसली. बोलायला बंदी, म्हणून कांद्यांच्या ढिगामागे थांबलो. तिने पाहिलं. मी भारदस्तपणे मान हलवली. ती सामानाने भरलेली ढकलगाडी तिथेच सोडून निघून गेली. काहीतरी विसरली असेल.

१८ फेब्रुवारी
झोप उत्तम. तीनला जाग येते, ती वयाने.
तोइवोंच्या घरावरून गेलो. वाटेवरच आहे. मार्लिस म्हणते, कुठल्या वाटेवर? सहा मैलांचा वळसा आहे.
निश्चय : उद्यापासून सरळ घरी.

१९ फेब्रुवारी
परत वळसा. रस्ता निसरडा नसतो तिकडे.

१० एप्रिल, शुक्रवार
तडजोडीची बैठक. लांब टेबल. एलिना समोर, बापाचा स्वेटर घालून. बाह्या दुमडलेल्या.
कंपनी देणार ती भरपाईची रक्कम सांगून झाली. एलिना म्हणाली, बाबांच्या टेबलावर दोन कप मांडले होते. वेलदोड्याचा पाव कापून ठेवला होता. गुरुवारी सकाळी त्यांनी मला फोनवर सांगितलं, आर्विद यायचाय, ठेवतो आता. मग माझ्याकडे बघून म्हणाली, यांनी एवढंच म्हणावं, मी आलो नाही. मला दुसरं काही नको.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रोहास्का बाईंनी माझ्या बाहीवर हात ठेवला.
मी पाणी प्यालो.
एलिना वाट बघत राहिली. मग तिने सही केली. कागदावर लिहिलंय : दोष मान्य न करता. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, अभिनंदन, छान गप्प राहिलात.

२२ एप्रिल
प्रकरण बंद. बाईंना विचारलं, आता बोलू शकतो? म्हणाल्या, तुमची मर्जी.
ठरलं, उद्या जायचं. भाषण पाठ केलंय. ती रडेल, मीही. कॉफी होईल. म्हणेल, बाबांचा फार जीव होता तुमच्यावर. इस्टरला बोलवायला हवं होतं, पण इस्टर झाला. उन्हाळ्यात बोलवू.

२३ एप्रिल, सकाळी १०
निळा शर्ट. मार्लिसने इस्त्री करून दिली.

११.४०
तिनेच दार उघडलं. भाषण आठवेना. म्हटलं, मी आलो नाही एलिना. फोन वाजत राहिला, मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण बूट काढून झाले होते, शेगडीजवळ ऊब होती. मनात म्हटलं, पुढच्या गुरुवारी जाऊ.
तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, त्या दिवशी बैठकीत म्हटलं असतंत तर तुम्हाला काहीतरी गमवावं लागलं असतं. आता बोलायला तुमचं काय जातंय?
दार आपटलं नाही. हळूच लावलं.
गाडीत बराच वेळ बसून होतो.

सायंकाळ
मार्लिसने विचारलं, काय म्हणाली?
म्हटलं, घरी नव्हती.