येते हं

२ नोव्हेंबर, रविवार
आलो बाई एकदाचे नाहूरला! मी, स्वरदा आणि एकोणतीस खोके. नवरोबा राजेश जहाजावर, म्हणजे नेहमीप्रमाणे सामान उचलायला मीच. कंबरेचे टाके ढिले झालेत, पण घर झकास आहे. खाली बाग, झोपाळे, क्लबहाउस, पोहण्याचा तलाव. गेटबाहेर वाणी, केमिस्ट, पोळीभाजी केंद्र. आता रोज पोळ्या लाटायला नकोत, या कल्पनेनेच मला रडू येईल. स्वरदा आठ वर्षांची, झोपाळे बघून खुळावलीच.

३ नोव्हेंबर, सोमवार
स्वरदाला शाळेच्या बसमध्ये बसवलं, वर येऊन पर्स घेतली आणि सवयीने रिकाम्या घराला 'येते हं' म्हटलं. आईने वळणच लावलंय: निघताना 'जाते' म्हणायचं नाही, अभद्र असतं. स्वरदालाही मी तेच शिकवलंय. कुलूप लावताना आतून कुणीतरी 'ये' म्हटल्यासारखं वाटलं. शेजारचा टीव्ही असेल. झोप पुरत नाही, दुसरं काय.

६ नोव्हेंबर, गुरुवार
स्वरदा बागेत जाते आणि पाच मिनिटांत आपणहून वर येते. बाकीच्या आया हेवा करतात. मी म्हटलं, देव पावला! आज विचारलं, खेळत का नाहीस गं? म्हणाली, 'येते' म्हटलं ना, मग आजी वाट बघते. कोण आजी, तर म्हणे दारात बसते ती. पोरं काय, काहीही बोलतात. आणखी विचारायचं माझ्यात त्राण नव्हतं.

९ नोव्हेंबर, रविवार
शेजारच्या मालनकाकूंना सहज विचारलं, तर त्यांनी हातातला कप खालीच ठेवला. आमच्या घरात आधी सुहासिनीबाई राहायच्या. त्यांची मुलगी श्रुतिका 'येते हं' म्हणून वाण्याकडे गेली ती कायमचीच. बाई चार वर्षं दाराशी स्टुलावर बसून होत्या. तिथेच गेल्या. काकू म्हणाल्या, बाये, निघताना 'जाते' म्हण. 'येते' म्हटलंस तर सुहासिनीला वाटतं शब्द दिलास, मग ती तुला परत आणल्याशिवाय राहत नाही. मी हसले. घरी आले तर दाराशी स्टूल. ते आमचं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
ऑफिसात जेवायला बसले होते. मग घराच्या दारात होते. मधलं काही आठवत नाही. स्वरदाही दारात, दप्तरासकट. शाळा सुटायला दोन तास होते. चालत आली म्हणे. पायांना फोड आलेत. माझं लेकरू—

१२ नोव्हेंबर, बुधवार
आईकडे निघालो, पार्ल्याला. एकच बॅग. उंबऱ्यात दात आवळून 'जाते' म्हटलं. जीभ वळेना, पण म्हटलं. आतून 'ये' ऐकू आलं नाही. सुटलो! — लिफ्टचं दार मिटता मिटता स्वरदा मागे वळून, शहाण्या मुलीसारखी— 'येते हं, आजी.'
मीच शिकवलंय ना. मीच.

१३ नोव्हेंबर, दुपार
आईच्या घरी. दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्या मुठीत. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. स्वरदा शेजारीच चित्र काढतेय. पाच मिनिटं टेकते—

मूठ रिकामी. दार उघडं. स्वरदा चपला घालतेय. ओरडतेय मी, आवाज फुटत नाही. पाय उचलत नाहीत. पेन तेवढं चालतंय—
वळली. हसली. मला आजवर कधी असं म्हणाली नव्हती—
आई, जाते