गादीचा खरा हक्कदार लोखंडी ढगच

३ एप्रिल
आमचे शू मास्तर बाहुल्यांची कंपनी सोडताहेत. समुद्राच्या मात्सूदेवीच्या उत्सवात आमच्या खेळात 'सहस्रतारा साम्राज्या'च्या गादीचा तंटा मिटणार. बावीस वर्षं चाललाय. मी ओळखलं: ज्याची बाहुली गादीवर, त्याच्याच हाती कंपनी. मास्तर तसं म्हणाले नाहीत. मोठी माणसं सगळंच बोलून दाखवत नाहीत.

४ एप्रिल, सकाळी सात
संकल्प: तिन्ही दावेदारांची निःपक्षपाती तुलना लिहून मास्तरांना देणे.
राजकन्या हिमफूल. नाचवते मास्तरांची मुलगी युएचेन. सात चुलतभावांना अवकाशयानात चहाला बोलावलं आणि खिडकी उघडली. क्रौर्य बरं, पण चहा वाया. दहापैकी चार.
त्रिनेत्र काका. नाचवतात मास्तर. आजारी सम्राटाची हवा बंद केली, वर तेराव्यापर्यंत रडले. सहा. मास्तर आहेत म्हणून.
सेनापती लोखंडी ढग. नाचवतो मी, म्हणजे को. दोन ग्रह जाळले, पैकी एक सासुरवाडीचा. साडेनऊ. अर्धा मुद्दाम कापला, उगाच कुणी नावं ठेवायला नको.

६ एप्रिल
तुलना दिली. मास्तरांनी तिच्यावर शेंगांची टरफलं टाकली. म्हणजे हाताशीच ठेवलीय.

९ एप्रिल
युएचेन विचारत होती, को दादा, गादीवर बसून तुमचा ढग करणार काय? म्हटलं, राज्य. हसली आणि हिमफूलची कोलांटी घोटायला गेली. पोरीला महत्त्वाकांक्षाच नाही. वाईट वाटलं.

१२ एप्रिल
बायकोला म्हटलं, आमच्या रंगमंचाच्या ट्रकवर आता माझं नाव रंगवणार. ती म्हणाली, रंगवा, पण सासुरवाडी जाळणाऱ्यांनी माझ्या माहेरचा भात दुसऱ्यांदा मागू नये. मागितला नाही. तिसऱ्यांदा मागितला.

१५ एप्रिल
मास्तर म्हणाले, तुलना पुरे, देवीलाच विचारू. म्हणजे चंद्रकोरीचे दोन लाकडी ठोकळे टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. सलग तीन होकार मिळतील तो सम्राट.
घरी बायकोच्या सपातांवर सराव. चाळीसदा टाकल्या, होकार नऊ. सपातांना राजकारण कळत नाही.

१९ एप्रिल
कौल झाला. हिमफूल: दोन्ही उताणे, म्हणजे देवी हसली. काका: दोन्ही पालथे, साफ नकार. लोखंडी ढग: होकार, होकार, होकार! मला रडूच फुटलं. बावीस वर्षं बाहुली घातलेला हात वर धरून खांदा गेला, त्याचं चीज झालं. युएचेननं सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. मनात म्हटलं, हिला कंपनीत ठेवायची.

२१ एप्रिल, दुपारी अडीच, ट्रकच्या मागे
खेळ चालू असताना लिहितोय, कारण हात रिकामे आहेत.
राज्याभिषेक पाच मिनिटांत उरकला. सम्राटानं हलायचं नसतं, शोभा जाते, असं मास्तर म्हणाले. त्यांनीच ढगाला माझ्या हातातून काढून बांबूच्या खुंटीवर खोचला. मग सगळ्या बाहुल्यांचे आवाज काढायचा आपला माईक युएचेनच्या हाती देऊन लोकांना सांगितलं, आजपासून कंपनी हिची. आता ढग तिच्याच आवाजात बोलतोय, तेही क्वचितच. हिमफूलनं बंड केलंय. कोलांट्यांवर कोलांट्या, बाहेर शिट्ट्या.
मास्तरांनी मला धुराचं मशीन दिलंय. युएचेन मघाशी सांगून गेली, को दादा, धूर भरपूर सोडा, सम्राट झाकले गेले तरी चालतील.